चारच्या पाढ्यातली नाडी

पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं, हे मला नेमकं कुणी शिकवलं ते आठवत नाही. नर्सिंगच्या पुस्तकात तर पूर्ण मिनिट लिहिलेलं होतं. पण वॉर्डात पाय ठेवल्यावर पहिल्या आठवड्यातच ही युक्ती अंगवळणी पडते. वीस खाटा, दोन नर्सा, प्रत्येक खाटेला मिनिट कुठून द्यायचं? त्यामुळे आमच्या कागदावर माणसाची नाडी चारच्या पाढ्यातच चालायची. बहात्तर, शहात्तर, ऐंशी, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. मी सहा वर्षं नर्स होते आणि सहा वर्षांत त्र्याहत्तर नाडीचा माणूस मला एकदाही भेटला नाही. यात काही चमत्कारिक आहे, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आमच्या दवाखान्यात फक्त अक्काच्या कागदावर पाढ्याबाहेरचे आकडे असायचे. एक्याऐंशी, सत्तर, त्र्याण्णव. अक्का म्हणजे आमची सगळ्यांत जुनी सिस्टर. बेल्लमपल्लीची, कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी. बोलायची तेलुगू, आणि आम्हा मराठी पोरींसाठी त्यात चार मराठी शब्द पेरायची. तिचा हात एकदा पेशंटच्या मनगटावर गेला की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर हलायची नाही. मागून कुणी हाक मारो, फोन वाजो, ओ द्यायची नाही. आम्ही तिची नक्कल करून हसायचो. एकदा तिनं मला विचारलं, तुझे सगळे पेशंट चारच्या पाढ्यात काऊन जगतात गं? मी म्हटलं, अक्का, मराठीत मोजून बघा, अठ्ठ्याऐंशी म्हणेपर्यंत पुढचा ठोका निघून जातो. तेव्हा तिनं मला दहापर्यंतच मोजायचं आणि प्रत्येक दहाला मोकळ्या हाताचं एक बोट मिटायचं, पाच झाली की एकेक उघडत जायचं, असं शिकवलं. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पंधरा सेकंद. एवढी शहाणी मी.

पूर्ण मिनिट का, याचं कारण तिनं एकदाच सांगितलं होतं. खाणीत उतरताना प्रत्येक माणूस आपला बिल्ला घेऊन जायचा आणि वर आला की खिळ्याला परत लावायचा. पाळी सुटली की बिल्ले मोजायचे. एक खिळा रिकामा दिसला तर कुणी घरी जात नसे. तिची आई चूल सोडून फाटकाशी जाऊन उभी राहायची. "तिथं कुणी बारा बिल्ले मोजून चारनं गुणत नव्हतं," अक्का म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे गेली.

आता मी वकिलीकडे कशी वळले ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं मराठी गाव तेलुगू मुलखातल्या नार्नूरकडचं, कापूस आणि ज्वारीचं. घरातली शिकलेली मी पहिली. नर्सिंगची डिग्री झाली तेव्हा गावानं कौतुक केलं. नोकरी लागल्यावर तीन वर्षांनी मी एलएलबीला नाव घातलं तेव्हा मात्र सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. आत्या म्हणाली, आता हिच्या हातून सुई टोचून घ्यायची तर आदी सही करा लागन. दादाला वाटलं मी लग्न टाळायला बहाणे करून राह्यली. थोडं खरंही होतं ते. पण खरं कारण वेगळं होतं. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना आणि डॉक्टरांना भांडताना मी पाहायची, आणि दोन्हीकडचं काहीतरी खरं आहे आणि कुणाचंच धड मांडता येत नाही, याचा मला राग यायचा. मला राग फार लवकर येतो. रागावरच मी प्रवेश परीक्षा दिली.

सकाळी आठ ते दोन ड्यूटी, मग बस, आणि तीन ते सात लॉ कॉलेज. पुराव्याचा कायदा शिकवणारे सर कोर्टात वकिली करायचे, म्हणून आम्ही त्यांना वकीलसर म्हणायचो. त्यांचा पहिला तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. ते म्हणाले, माणूस कोर्टात सहा महिन्यांनी येऊन जे सांगतो त्यापेक्षा, ज्या वेळी गोष्ट घडली त्याच वेळी, ज्याचं कामच लिहिणं आहे त्यानं लिहिलेला कागद जास्त बोलतो. मी बाकावर ताठ झाले. अरे, हा तर आमचा चार्ट! पेशंटच्या पायथ्याशी लटकवलेली ती फाटकी फाइल, जिच्यावर चहाचे डाग असतात, जिच्या मागच्या बाजूला आम्ही जेवणाचा हिशोब करतो, ती कोर्टात साक्ष देते? इतकी वर्षं मी काय लिहून राह्यली, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर कायदा मला देवळासारखा वाटायला लागला. वकीलसर सांगायचे, नर्स असून वकील झालेली बाई या जिल्ह्यात नाही. तुला मोठ्या दवाखान्यात कायदा सल्लागार म्हणून घेतील, विमा कंपनीत दाव्यांची कागदपत्रं तपासायला घेतील, ग्राहक आयोगात केसेस चालवशील, नर्सिंग शाळेत कायदा शिकवशील. मी बसमध्ये बसून या चारही नोकऱ्या मनात करून बघायची. काळा कोट घातलेली मी, हातात कुणाचा तरी केसपेपर, आणि समोर डॉक्टर गप्प. फार सुंदर चित्र होतं. त्यात मी स्वतः चुकलेली कुठंच नव्हते.

शेवटच्या वर्षी एका दुपारी आमच्या दवाखान्यात एक बाई बाळंत झाली. आठवडी बाजारात भाजी विकणारी, अंगानं धट्टीकट्टी, दुसरं बाळंतपण. साडेबाराला मुलगी झाली, सगळं सुरळीत. बाळंतिणीची नाडी पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बघायची असते. मी बघत होते. चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी तीनला कॉलेजात चाचणी होती. पावणेदोनला मी मनगट धरलं, पंधरा सेकंद मोजलं, अठ्ठ्याऐंशी लिहिलं. आणि पेन हातात होतंच, बस दोन वाजून पाच मिनिटांची होती, म्हणून खालच्या ओळीत दोन वाजताचंही अठ्ठ्याऐंशी तेव्हाच लिहून टाकलं. पुढचा रकाना आधी भरून ठेवणं. कुठल्याही नर्सला विचारा, मान खाली घालून हो म्हणेल. आम्हाला ते खोटं वाटतच नाही. पंधरा मिनिटांत काय बदलणार, हीच समजूत. दोनपासून पाळी अक्काची होती. मी एप्रन काढला आणि बस पकडली.

त्या चाचणीत प्रश्न होता, घडतेवेळी केलेल्या नोंदीचं महत्त्व सांगा. मी दोन पानं लिहिली. पैकीच्या पैकी मार्क मिळाले मला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर भाजीवाल्या बाईची खाट रिकामी. आदल्या दुपारी तिच्या आत रक्त साचत होतं. बाहेर काही दिसत नव्हतं, बीपी बराच वेळ ठीक होतं, फक्त नाडी वाढत होती. अक्का नेहमी सांगायची, बीपी शेवटपर्यंत लपवतं, नाडी आधी बोलते. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई वरच्याच मजल्यावर राहायच्या. अक्कानं इंटरकॉमवर तीनदा बोलावलं, असं तिच्या चार्टात होतं. डॉक्टरीणबाई साडेचारला खाली आल्या. त्यानंतर पेशंटला गाडीत घालून मोठ्या शहरात नेलं. जीव वाचला, पण गर्भाशय काढावं लागलं. भाजीवाली अवघ्या चोवीस वर्षांची होती.

तिच्या घरच्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली, दवाखाना आणि अक्का दोघांविरुद्ध. दवाखान्यानं आपल्या उत्तरात सगळं अक्कावर ढकललं. आम्हाला पहिला निरोप सव्वाचारला आला, त्याआधीचे आकडे सिस्टरनं नंतर टेबलाशी बसून मनानं लिहिले, तिनं पेशंटकडे बघितलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. इंटरकॉमची कुठं नोंद राहत नाही. म्हणजे अक्काच्या बाजूनं उभा होता फक्त तिचा कागद. सव्वादोन, सत्त्याण्णव. अडीच, एकशे तीन, डॉक्टरांना कळवलं. पावणेतीन, एकशे अकरा, पुन्हा कळवलं. तीन, एकशे एकोणीस, पुन्हा कळवलं. हा कागद खोटा ठरला असता तर पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर अक्का एका बाईची कूस घालवणारी नर्स ठरली असती. तिनं पुढं कुणाच्या मनगटाला हात लावला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

मालकांनी, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या यजमानांनी, मला त्यांच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. तुझी एलएलबी आता संपून राह्यली ना, म्हणाले. आपल्याकडे कायद्याचं सगळं बघायला माणूस हवंच आहे, बाहेरची काऊन घ्यायची, तूच बैस. मग त्यांनी एक छापील कागद पुढं सरकवला. आमच्याकडे त्याला हलफनामा म्हणतात, शपथेवर लिहून देणं. त्यात एवढंच होतं, की दोन वाजता मी नाडी स्वतः मोजली, ती अठ्ठ्याऐंशी होती आणि पेशंट ठीक होती. मालक म्हणाले, यात एक अक्षर खोटं नाही, चार्टातच आहे तुझ्या. आमच्या वकिलाचा मुद्दा साधा आहे. दोनला अठ्ठ्याऐंशी, मग सव्वादोनला एकदम सत्त्याण्णव कसे? म्हणजे म्हातारीनं आकडे रचले.

मी कागद वाचला. "स्वतः मोजली" हे दोन शब्द माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मी चहा तसाच ठेवला, उद्या सांगते म्हणाले, आणि जिन्यात येऊन उभी राहिले. माझ्या एका रिकाम्या अठ्ठ्याऐंशीनं अक्काचे चार खरे आकडे खोटे करून टाकले होते. मला स्वतःची अशी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

त्या संध्याकाळी मी गावी गेले. मायला सगळं सांगितलं. तिला हलफनामा, आयोग यातलं फार कळलं नसावं. ती ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवून विचारलं, "तू मोजली व्हती का नाई?" मी म्हटलं, नाई. "मंग तेच सांग ना," माय म्हणाली, आणि सूप पुन्हा उचललं. मी तिला समजावून सांगायला लागले, की मग मला ताकीद मिळेल, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं, वकिलीची सनद देताना विचारतील, ज्या दोन डिग्र्यांसाठी इतकी वर्षं घातली त्या दोन्ही हातच्या जातील. तिनं ऐकून घेतलं. ज्वारी पाखडत राहिली.

मी छापील कागद परत केला. मालक एक शब्दही वाईट बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून मला कामावर यायची गरज नाही म्हणाले. मी वकीलसरांकडे गेले. अक्काचा वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, त्यांनीच घेतला होता, माझ्याच सांगण्यावरून. मी त्यांच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं माझा हलफनामा लिहिला. पुढचा रकाना कसा आधी भरला, आणि पंधरा सेकंदांचा हिशोब कसा चालतो, सगळं. सरांनी चष्मा काढून वाचलं. मग पूर्ण केसशीट काढली आणि लाल पेन्सिलीनं एकेका आकड्याला चारनं भागत बसले. माझे सगळे भागले गेले. इतर सिस्टरांचेही. अक्काच्या आकड्यांपाशी पेन्सिल अडकायची. मग त्यांनी तिचे सहा महिने जुने, दुसऱ्या पेशंटांचे कागद मागवून घेतले. तिथंही तेच, एकोणसत्तर, त्र्याऐंशी, एक्क्याण्णव. सर मान वर करून म्हणाले, तीस वर्षं पुरावा शिकवतो, पण असा पुरावा पाहिला नाही. आणि आम्ही दोघं तो कागद बघत राहिलो. ही बाई एवढी वर्षं, कुणी बघत नसताना, प्रत्येक वेळी पूर्ण मिनिट उभी होती. अक्षरशः प्रत्येक वेळी.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी आयोगाच्या खोलीत फार माणसं नव्हती. तिथं बहुतेक सगळं कागदावरच चालतं. अध्यक्ष वयस्कर, निवृत्त न्यायाधीश, बोलणं कमी. दवाखान्याच्या वकिलांनी अक्कानं आकडे रचले हाच मुद्दा मांडला, पण दुसऱ्या वाटेनं. म्हणाले, बाकीच्या नोंदी बघा, कशा नीटनेटक्या आहेत, आणि या एकाच सिस्टरचे आकडे बघा, सत्त्याण्णव, एकशे तीन, एकशे एकोणीस, मनाला येईल ते लिहिलंय. वकीलसरांनी उठून चारच्या पाढ्याची गोष्ट सांगितली आणि माझा हलफनामा पुढं ठेवला. अध्यक्षांनी तो वाचला. मला उभं केलं. दोन वाजता तुम्ही खाटेजवळ होता का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नव्हते साहेब, मी बसस्टँडच्या वाटेवर होते. खोलीच्या मागच्या बाकावर ती भाजीवाली बाई बसलेली होती. मला तिच्याकडे बघवलं नाही.

मग अध्यक्षांनी कुणालाच अपेक्षित नसलेली गोष्ट केली. त्यांनी अक्काला आणि मला दोघींना जवळ बोलावलं आणि टेबलावर दोन्ही हात उताणे ठेवले. म्हणाले, एकेक हात घ्या, आणि रोज जसं मोजता तसंच मोजा.

मी उजवा हात घेतला, अक्कानं डावा. भिंतीवर घड्याळ होतं. पंधरा सेकंद झाले, वीस ठोके, मी हळूच ऐंशी म्हटलं. अध्यक्षांनी मान हलवली. आणि मग मला काही काम उरलं नाही. त्यांचं मनगट सोडावं की धरून ठेवावं, कळेना, म्हणून धरून ठेवलं. अक्का घड्याळाकडे बघत होती. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, टायपिस्टनं हात थांबवले होते. मला वाटलं पाच मिनिटं झाली. घड्याळात पंचवीस सेकंद झाले होते. देवा, पंचेचाळीस सेकंद इतके मोठे असतात? सहा वर्षं मी प्रत्येक माणसाचे हे पंचेचाळीस सेकंद खाल्ले होते. त्यात काय काय घडलं असेल, कुणास ठाऊक. आणि नेमकं तेव्हा माझ्या बोटांखाली एक ठोका आलाच नाही. मी दचकले. पुन्हा ठोके सुरू झाले, सरळ, एकामागून एक. पन्नास सेकंदांच्या पुढं परत एक गळला.

मिनिट भरलं. अक्कानं हात अलगद टेबलावर ठेवला. "डेब्बै एडु," ती म्हणाली, म्हणजे सत्त्याहत्तर. मग अगदी वॉर्डात बोलायची तशा आवाजात तेलुगूत म्हणाली, साहेब, मध्ये दोनदा चुकतेय, एकदा दाखवून घ्या.

अध्यक्ष आपलं मनगट स्वतःच चोळत म्हणाले, मागच्या महिन्यात मला डॉक्टरांनी हेच सांगितलं, हे माझ्या घरीसुद्धा अजून माहीत नाही. दवाखान्याचे वकील खाली बसले. मी आयुष्यात देवळात, तीर्थाला, कुठं कुठं हात जोडले असतील, पण त्या क्षणी त्या म्हाताऱ्या बाईपुढं जे वाटलं ते कधीच कुठं वाटलं नाही.

बाहेर कडुलिंबाखाली उभ्या होतो तेव्हा मी तिला म्हटलं, अक्का, माझ्या अठ्ठ्याऐंशीनं तुम्हाला बुडवलं होतं, मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, मला माहीत होतं. ती नेहमी पाळीच्या आधी पंधरा मिनिटं येऊन पेशंटांजवळ बसायची. त्या दिवशीही दोन वाजता ती त्याच बाईच्या खाटेशी होती. तिनं मला तेव्हा खाटेशी येताना पाहिलं नव्हतं आणि चार्टात माझं दोनचं अठ्ठ्याऐंशी पाहिलं होतं. तरी वर्षभर, आपल्यावर सगळं शेकत असताना, तिनं वकीलसरांनाही ते सांगितलं नव्हतं. मी विचारलं, काऊन नाही सांगितलं?

"माझं मी लिहिलं होतं," अक्का म्हणाली. "तुझं तू सांगायचं होतं."

दीड महिन्यानं निकाल आला. अक्काची काही चूक नाही, तिच्या नोंदी विश्वास ठेवण्यासारख्या आहेत, उशीर दवाखान्याच्या डॉक्टरांकडून झाला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बाईला भरपाई द्यायला सांगितली. एका परिच्छेदात माझंही नाव होतं, न मोजता नोंद करणारी परिचारिका म्हणून. मी तो परिच्छेद अनेकदा वाचला आहे. नर्सिंग कौन्सिलनं ताकीद दिली, रजिस्ट्रेशन राहिलं. सनदेच्या वेळीही विचारलं, मी हेच सगळं सांगितलं, आणि सनद मिळाली. अक्का त्याच वर्षी निवृत्त होऊन बेल्लमपल्लीला गेली. जाताना दवाखान्यातलं दुसरं काही नेलं नाही, वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ तेवढं मागून घेतलं.

आता मी वकीलसरांच्या ऑफिसात बसते. वर्गात त्यांनी सांगितल्या होत्या तशा नोकऱ्या हळूहळू येतातही. एका विमा कंपनीनं कागद तपासायला बोलावलं होतं, निर्मल गावच्या एका दवाखान्यानं सल्लागार म्हणून विचारलं. मी दोन्हीकडे थोडं थोडं काम करते. आठवड्यातून एकदा नर्सिंगच्या मुलींना कायदा शिकवायला जाते, आणि पहिल्या तासाला पुस्तक उघडतच नाही. सगळ्यांना शेजारणीचं मनगट धरायला लावते आणि पूर्ण मिनिट गप्प बसवते. चाळीस मुलींचा वर्ग मिनिटभर गप्प झाला की मला अजूनही भरून येतं. मुली घड्याळाकडे बघून चुळबुळतात. एखादी घाबरून हात वर करते, मॅडम, हिचा एक ठोका चुकला.

आणि कुणाचीही केसशीट हातात आली की मी आधी चारनं भागून बघते. ती खोड आता जायची नाही.

भाजीवाल्या बाईला मात्र मी वर्षभर टाळत होते. ती बाजारात नेमकी कुठं बसते ते मला माहीत होतं, म्हणून मी दुसऱ्या रस्त्यानं जायची. एका शनिवारी रस्ता खणून ठेवलेला होता आणि मला तिच्यासमोरूनच जावं लागलं. तिनं ओळखलं. तिच्या मागं गोणपाटावर तिची धाकटी मुलगी काकडी चावत बसली होती, तीच, त्या दुपारी झालेली. मी थांबले. बाई, माझी चूक झाली व्हती, एवढंच निघालं तोंडातून. बाजूला दोन गिऱ्हाइकं वांगी निवडत उभी होती.

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग होता की काय, मला सांगता येणार नाही. मग तिनं तराजू खाली ठेवला, पदराला हात पुसला आणि वांग्यांच्या ढिगावरून मनगट माझ्यापुढं धरलं.

"आता मोजा," ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली. घड्याळ बघितलं, तिचं मनगट धरलं आणि अक्कानं शिकवलं होतं तसं मोजायला लागले, दहा झाले की एक बोट मिटायचं. गिऱ्हाईक म्हणालं, अवं वांगी कशी दिली? तिनं दुसऱ्या हातानं त्याला थांब म्हटलं. मिनिट भरलं. पाचही बोटं मिटून पुन्हा तीन उघडली होती आणि वर आठ ठोके. अठ्ठ्याऐंशी.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.